मीटर बिघडलेलं नव्हतं

किण्ण.

फ्रिजवर पालथा घातलेला स्टीलचा पेला शेजारच्या बरणीला घासला आणि घरातली शांतता तडकली. फ्रिजचं हे नेहमीचंच. गप्प असायचा तेव्हा एकदम साधुपुरुष, आणि मोटर सुरू झाली की सगळं अंग झाडून उठायचा, डोक्यावरच्या भांड्यांसकट. तिने श्वास रोखला. पुस्तकातल्या ओळीवरचं बोट तिथेच थांबलं. आतल्या खोलीत चादर सळसळली.

‘नको गं बाई,’ ती मनातल्या मनात म्हणाली. ‘आत्ता नको. एवढं पान तरी होऊ दे.’

आतून एक हुंकार आला. मग दुसरा, जरा लांबलेला. आणि मग ते ओळखीचं, एकसुरी, नाकातून येणारं घुंऽऽऽ, ज्याच्यापायी त्या चार वर्षांच्या पोरीचं खरं नाव मागे पडून सगळे तिला भुंगी म्हणायला लागले होते.

झालं. आटोपला अभ्यास.

तिने पुस्तक मिटलं नाही, आपटलं. तसंही त्यात काय दिवे लागले होते! ‘रिअ‍ॅक्टन्स म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहास चोकने केलेला विरोध’ हे वाक्य तिने सकाळपासून इतक्यांदा वाचलं होतं की आता त्यातले शब्द सुटे होऊन डोळ्यांपुढे मुंग्यांसारखे फिरत होते. विरोध म्हणे! विरोध तर घरात सगळेच करतात. फ्रिज करतो, पोरगी करते, गॅसची शेगडी करते. चोक काय वेगळं करतो, ते एक जण सांगेल तर शपथ.

आणि ते तिला सोमवारपर्यंत कळायलाच हवं होतं.

ती मोटरी दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. जळलेल्या मोटरी यायच्या, त्यांची तार नव्याने भरली जायची आणि बाहेर पडण्याआधी प्रत्येक मोटर तपासणीच्या टेबलावर चढायची. त्या टेबलाभोवती जमिनीवर पिवळी रेघ मारलेली होती. रेघेच्या आत फक्त तपासणारा. भुंगी व्हायच्या आधी त्या टेबलावर ती मदतनीस होती आणि मोटरीच्या आवाजावरून दुखणं ओळखायला शिकली होती. मग बाळंतपण आलं, आणि परत कामावर रुजू झाली तेव्हा कारखाना चालवणारे मोठे मिस्त्री म्हणाले, “पोरगी लहान आहे तुझी. तू काउंटर सांभाळ. हवं तर तिलाही आणत जा.” बोलले मायेने, आणि तिलाही तेव्हा हायसं वाटलं होतं. पण ती माया अशी काही चिकटली की सुटेना. तेव्हापासून ती काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना एकच वाक्य सांगत होती: “उद्या या.”

आता टेबलावरचा जुना माणूस काम सोडून चालला होता. जागा रिकामी होणार होती. आणि त्या जागेसाठी मोठ्या मिस्त्रींची स्वतःची एक परीक्षा होती, सगळ्या कारखान्याला माहीत असलेली. एका फळीवर एक मोठा बल्ब आणि एक चोक, एकामागे एक जोडलेले. चोक म्हणजे लोखंडावर गुंडाळलेलं तारेचं वेटोळं, दुसरं काही नाही. फळीला वीज द्यायची. बल्बवर किती व्होल्ट पडतात ते मोजायचं, चोकवर किती पडतात ते मोजायचं, आणि सगळ्यांसमोर, चहाच्या सुट्टीत, ते आकडे तसे का आले ते तोंडाने सांगायचं. पाटी नाही, खडू नाही, सूत्र नाही. “सूत्र पोपटालाही येतं,” मिस्त्री म्हणायचे. “गिऱ्हाइकाला सांगतेस तसं सांग.”

गेल्या आठवड्यात ती उभी राहिली होती. तिने मीटर लावलं. बल्बवर एकशे अडतीस. चोकवर एकशे चौऱ्याऐंशी. दोन्हीची बेरीज तीनशे बावीस. आणि भिंतीतून येत होते फक्त दोनशे तीस.

तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. मग मीटर हातात धरून, मान ताठ करून, तिने सगळ्यांदेखत सांगितलं, “मिस्त्री, मीटर बिघडलंय.”

हशा असा पिकला की कुणाच्या तरी नाकातून चहा आला. तेव्हापासून ती मीटरबाई झाली. “मीटरबाई, माझं घड्याळ मागे पडतंय, बघता का?” “मीटरबाई, आज वजनकाटा पण बिघडलाय म्हणे.” ती हसून साजरं करायची आणि घरी येऊन भांडी घासताना ती अशी आदळायची की नवरा स्वयंपाकघराबाहेरच थांबायचा.

मिस्त्रींनी मात्र तिला आणखी एक संधी दिली होती. बॅटरीवर तोच चोक लावून दाखवला. बॅटरीचा छोटा दिवा चोक मध्ये असतानाही तसाच लख्ख, जणू मध्ये साधी तारच आहे. “बघ. याचं विजेशी काही वैर नाही,” ते म्हणाले. “वैर कशाशी आहे ते शोध. फळी घरी ने आणि भांडत बस तिच्याशी.”

“सरळ सांगा ना, मिस्त्री.”

“सरळ सांगितलं तर तुला माझं वाक्य पाठ होईल.”

म्हणून आज दुपारी भुंगी झोपताक्षणी तिने फळी ओट्यावर मांडली होती. कारखान्यातून एक सोडून दोन मीटर आणली होती, म्हणजे एक लबाड निघालं तर दुसरं त्याची चोरी पकडेल. दोन्हींनी एकच साक्ष दिली. एकशे अडतीस, एकशे चौऱ्याऐंशी, दोनशे तीस. दोन्ही एकमेकांना सामील होती. बॅटरीवर निमूट असणाऱ्या चोकला भिंतीतली वीज आली की काय धाड भरते, ते काही कळेना. वैतागून तिने फळीची वायर काढली, फळी माळ्यावर टाकली आणि पुस्तक उघडलं. तेवढ्यात किण्ण.

“आई,” आतून घुमत घुमत भुंगी आली, केस एका बाजूला चप्पट, हातात उशी. “मला उठायचं नव्हतं.”

“मलाही तू उठायला नको होतीस.”

“मग मी का उठले?”

“फ्रिजला विचार.”

भुंगीने खरंच फ्रिजसमोर जाऊन विचारलं. मग उत्तर येईना म्हणून ती त्याला उशीने मारायला लागली. आणि दुपारी हिला झोपवायला तिने जेवढी गाणी, जेवढं थोपटणं, जेवढा जीव ओतला होता, तो सगळाच्या सगळा पुढचे दोन तास पलंगावरच्या उड्यांच्या रूपाने परत मिळाला.

संध्याकाळी नवरा आला. तो बेकरीत भट्टीवर होता. पहाटे जायचा, दिवस कलता यायचा आणि आल्यावर पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया पुसत आधी अंदाज घ्यायचा की आज घरात कोणती हवा आहे.

“झाला का अभ्यास?” त्याने दारातूनच विचारलं.

“झाला ना. तुझ्या लेकीने माझी शिकवणी घेतली.”

“मी बघतो तिला. तू बस.”

“तू बघतोस म्हणजे तू झोपतोस आणि ती तुझ्यावर गाड्या चालवते. राहू दे. आधी आंघोळ घालते तिला.”

आंघोळ हा त्या घरातला रोजचा तमाशा होता. टबात पाणी भरलं, हात घालून कोमट आहे ते बघितलं आणि भुंगीला उचललं. बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत ती ठीक होती. उंबऱ्यावर पाय लागला मात्र, दोन्ही हातांनी चौकट धरून तिने भोकाड पसरलं. “नाऽही जायचं! नाऽही!” शेजारपाजारचे धावत येतील असा तो आवाज. आईने एकेक बोट सोडवलं. टबात ठेवलं. आवाज उतरत गेला, उतरत गेला, आणि घोटे बुडून कंबर बुडेपर्यंत पार संपला. वर भुंगी तांब्या घेऊन पाणी उडवायला लागली. छताला थेंब, आईच्या तोंडावर थेंब, साबण कुठे, टॉवेल कुठे. रडण्याचा मागमूस नाही.

“चल, झालं. बाहेर.”

“थांब ना.”

“बाहेर, भुंगे.”

उचलून आणलं आणि उंबऱ्यावर पुन्हा तेच. तीच चौकट, तेच हात, तेच भोकाड. फक्त तोंड दुसरीकडे. “नाऽही यायचं! नाऽही!”

तिचा संयम सुटला. अंगावरून पाणी गळतंय, एक हात साबणाने निसरडा, कडेवर माशासारखी वळवळणारी पोर. “अगं बये!” ती ओरडली. “तुझं पाण्याशी वैर आहे का? जातानाही रडतेस, येतानाही रडतेस! एक काय ते ठरव ना!”

आणि ती तिथेच थांबली.

तोंडातून निघालेले शब्द तिच्याच कानांवर परत आले होते. पाण्याशी वैर. याचं विजेशी काही वैर नाही, मिस्त्री म्हणाले होते.

पाण्यात बसली की ही गप्प असते. बाहेर खेळत असली तरी गप्प असते. म्हणजे पाणी असण्याशीही हिचं भांडण नाही आणि नसण्याशीही नाही. हिचं भांडण बदलाशी आहे. बॅटरीची वीज एकदा वाहायला लागली की वाहतच राहते, बदलत नाही, म्हणून चोक तिला काही म्हणत नाही. भिंतीतली वीज मात्र सारखी इकडून तिकडे, तिकडून इकडे. सारखी उंबऱ्यावर.

“भुंगे,” ती हळूच म्हणाली, “परत जायचं पाण्यात?”

भुंगीचं रडणं अर्ध्यात थांबलं. तिने संशयाने आईकडे पाहिलं. पण उंबऱ्यावर पाय लागल्याबरोबर, सवयीने, “नाऽही!”

“बघ, बघ, बघ,” तिची आई आनंदाने म्हणाली.

“अगं, आंघोळ झाली ना तिची?” बाहेरून नवरा.

“गप बस. मोजतेय.”

“काय मोजतेयस?”

“रडणं!”

पलीकडे पातेलं वाजलं. मग तो म्हणाला, “मी चहा टाकतो,” अशा स्वरात की घरात कुणीतरी शहाणं उरलेलं बरं.

तिने पोरीला आत नेलं. रडण्याचा कळस उंबऱ्यावर, तेव्हा पाणी उडणं शून्य. पाणी उडण्याचा कळस टबाच्या मध्यात, तेव्हा रडणं शून्य. एक चढलेलं असतं तेव्हा दुसरं उतरलेलं. दोन्ही कधी म्हणून एकदम कळसाला पोचत नाहीत. मग तिने घाई केली. आत, बाहेर, आत, बाहेर, झपाझप. पाणी उडवायला वेळच मिळेना, नुसतं रडणं. आणि रडता रडता भुंगीला त्या झोक्यांची इतकी मजा वाटायला लागली की शेवटी ती एकाच वेळी रडतही होती आणि खिदळतही होती. तिथे प्रयोग फसला. पण तोवर कळायचं ते कळलं होतं. जितकी फिरवाफिरवी जास्त, तितका विरोध जास्त, आणि काम शून्य.

पोरीला टॉवेलात गुंडाळून तिने नवऱ्याच्या मांडीवर आदळलं आणि ती स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसली. बल्बवरचे एकशे अडतीस खरे. चोकवरचे एकशे चौऱ्याऐंशी खरे. मीटर बिचारं किती ते सांगतं, कधी ते सांगत नाही. आणि ही मीटरबाई दोन वेगवेगळ्या वेळांचे कळस उचलून एकमेकांवर रचायला निघाली होती!

“मी किती गाढव आहे,” ती मोठ्याने म्हणाली.

“चहात साखर किती?” नवरा म्हणाला.

“अरे, मी आणि तू एकदम कधी ओरडतो का?”

त्याने जरा विचार केला. या प्रश्नात सापळा कुठे आहे ते त्याला दिसेना. “नाही. तू लगेच ओरडतेस. मला ऐकू येऊन, समजून, राग येईपर्यंत तुझा उतरलेला असतो.”

“म्हणूनच घर टिकलंय,” ती म्हणाली आणि त्याच्या हातातला कप घेऊन तो तसाच, बिनसाखरेचा, पिऊन टाकला.

सोमवारी बालवाडी बंद निघाली. निघणार नाही तर काय! नवरा पहाटेच भट्टीवर गेलेला. म्हणजे भुंगी कारखान्यात, नेहमीसारखी काउंटरखाली, तारेची रिकामी रिळं घेऊन. चहाची सुट्टी झाली तशी माणसं हात पुसत जमली.

“मीटरबाई, आज नवीन मीटर मागवलंय बरं का तुमच्यासाठी.”

“मागवलंत ना? मग जुनं तुमच्या डोक्याला लावून बघा, काटा हलतो का.”

“ओहोहो!” कुणीतरी शीळ घातली. मोठे मिस्त्री खुर्चीत बसले, बशीत चहा ओतला आणि मानेनेच म्हणाले, सांग.

तिने फळीवर तिन्ही आकडे मोजून दाखवले. मग मीटर खाली ठेवलं. पदर खोचला.

“माझी मुलगी आंघोळीला जाताना रडते,” ती म्हणाली.

हसू फुटलं. मिस्त्री हसले नाहीत.

तिने सगळं सांगितलं. उंबरा, चौकट, टब, तांब्या. करंट पूर्ण भरात असतो तेव्हा बल्बवर सगळ्यात जास्त व्होल्ट असतात, कारण बल्बला वाहण्याशी देणंघेणं. आणि करंट उलटा फिरायला निघतो, शून्यावरून जातो, तेव्हा चोकवर सगळ्यात जास्त, कारण चोकला बदलण्याशी देणंघेणं. दोघांचे कळस पाव फेरी मागेपुढे. म्हणून त्यांची सरळ बेरीज करायची नाही.

“मग कशी करायची?” मिस्त्रींनी विचारलं. “पाटी नाही हां.”

“पाटी कशाला?” तिने जवळच्या रिळातून तार ओढली आणि तिचं एक टोक एका फरशीच्या कोपऱ्याला पायाने दाबलं. “बल्ब इकडे तीन फरश्या. चोक त्याच्याशी काटकोनात, चार फरश्या. पाव फेरीचा फरक म्हणून काटकोन. चालायला सात फरश्या झाल्या. आता निघाले तिथून पोचले तिथपर्यंत तार सरळ ताणा.” तिने तार ताणली, ती चिमटीत धरली आणि फरशीच्या कडेने लावून दाखवली. पाच. “एका फरशीला सेहेचाळीस व्होल्ट धरा. तीन झाले एकशे अडतीस, चार झाले एकशे चौऱ्याऐंशी, आणि पाच झाले दोनशे तीस. मीटर बिघडलेलं नव्हतं, मिस्त्री. माझी बेरीज बिघडली होती.”

शीळ घालणारा फरश्या मोजत होता. बोटाने, ओठ हलवत.

“आणि या भांडणात चोक वीज किती खातो?” मिस्त्रींनी बशी खाली ठेवली.

“तार आहे म्हणून थोडा तापतो, तेवढीच. बाकीची घेतो आणि परत देतो. फक्त वेळ चुकवून. दुपारी झोपवायला जेवढा जीव ओतावा, तेवढा संध्याकाळी पलंगावर उड्या मारून परत.”

आता मात्र मिस्त्री हसले. खोकला लागेपर्यंत हसले. “माझी नात पण अशीच आहे,” ते म्हणाले, आणि डोळे पुसत उठून त्यांनी तपासणीच्या टेबलामागचं स्टूल पायाने तिच्या दिशेने सरकवलं. “ये आत. आजपासून काउंटरला दुसरं कुणीतरी बघतो. आणि पोरीचं काय ते ठरव. रेघेच्या आत तिला आणता यायचं नाही, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. ठाऊक असूनच तर ती इतके दिवस त्या फळीशी भांडत होती. बालवाडी, बेकरी, शेजारीण, सगळं ती नंतर बघणार होती. हे ‘नंतर’ इतक्या लवकर येईल, असं मात्र वाटलं नव्हतं. तिने पिवळ्या रेघेवर पाय ठेवला. छातीत काहीतरी जोरात उसळून वर आलं, ते तिने गिळलं, आणि ती पलीकडे गेली. स्टुलावर बसली. समोर एक नवी भरलेली मोटर तिची वाट बघत होती.

मागे तुरुतुरु पावलं वाजली आणि थांबली. भुंगी काउंटरखालून निघून आली होती. तिच्या पायांची बोटं पिवळ्या रेघेला अगदी टेकली होती, पुढे नाही, मागे नाही. एका हातात रीळ. आईने भोकाडाची वाट पाहिली. बाकीच्यांनीही पाहिली. आता सगळ्यांनाच माहीत होतं की उंबऱ्यावर काय होतं ते.

भुंगी रडली नाही. आईने सगळ्यांना सांगितलेलं तिने काउंटरखाली बसून नीट ऐकलं होतं, आणि तिला त्यातली एक गोष्ट पटलेली नव्हती. तिने रेघेकडे पाहिलं, आईच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे, आणि ज्याचं उत्तर आईला पाटी, खडू, सूत्र सगळं दिलं असतं तरी सापडलं नसतं, ते विचारलं:

“आई, तू इकडून तिकडे गेलीस ना, मग तू का नाही रडलीस?”